साठ किलो, एकट्याने

आमच्या ह्यांना सत्तरीच्या उंबरठ्यावर छाती आली. म्हणजे आधीही होती, पण तिच्याकडे मुद्दाम बघावं असं तिच्यात काही नव्हतं. आता आरशापुढून जाताना हे थांबतात, श्वास आत ओढतात, स्वतःला एका बाजूने बघतात, दुसऱ्या बाजूने बघतात आणि मग माझ्याकडे बघतात. मी वर्तमानपत्रात डोकं घालते. कौतुक करायला माझी ना नव्हती, पण रोज रोज करावं इतकी ती काही वाढत नव्हती.

या खुळाचं मूळ मी आहे. म्हणजे माझा खुबा. बाथरूमच्या दारात पाय घसरला, हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आत धातूचं काहीतरी बसवलं. हळूहळू मी वॉकर घेऊन घरभर फिरू लागले. अडचण एकच राहिली. एकदा का मी एखाद्या बुटक्या जागेवर टेकले, की माझं मला उठता येईना. कुणीतरी काखेत हात घालून वर ओढावं लागे. दवाखान्यात ते काम दोन धट्ट्याकट्ट्या नर्स करायच्या. घरी आल्यावर ते ह्यांच्याकडे आलं. पहिल्याच दिवशी हे मला पलंगाच्या कडेवरून उठवायला वाकले आणि धपकन माझ्याच मांडीवर येऊन बसले.

नेमकी त्याच वेळी मुलगी दारात उभी होती. ती विमानतळावर नोकरी करते. प्रवाशांना रांगेत उभं करायचं तिचं काम, त्यामुळे आईबापाशीही ती त्याच आवाजात बोलते.

"बाबा, उठा आधी तिच्यावरून," ती म्हणाली. "झालं. ठरलं. आई माझ्याकडे येणार."

"किती दिवस?" मी विचारलं.

"कायमचं धर. माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. लहान आहे, एकच पलंग मावतो. बाबा इथे राहतील, अधूनमधून भेटायला येतील."

मला जायचं नव्हतं. मुलगी वाईट नाही, उलट फार चांगली आहे, आणि तिच्या चांगुलपणाचं वेळापत्रक असतं. मला माझं घर हवं होतं. समोरच्या दारातली शेजारीण हवी होती, जिच्याशी मी निम्मी वर्षं अबोला धरला आणि उरलेली निम्मी दिवसभर गप्पा मारल्या. आणि हा माणूस हवा होता. ह्यांच्यावर मी सकाळपासून चिडते हे खरं, पण चिडायला मला हेच लागतात. या वयात दुसरं कुणी शोधायचं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावून सांगणं आलं.

हे तोवर उठून उभे राहिले होते. कपडे झटकत म्हणाले, "मला तीन महिने दे. तुझ्या आईला एका हाताने उचलून दाखवतो."

"दोन हातांनी उचला," मुलगी म्हणाली. "पण एकट्याने, आणि माझ्या डोळ्यांदेखत. तोवर पलंग-खुर्च्यांखाली विटा लावते. जमलं तर आई इथेच राहील. नाही जमलं तर कुणी रडायचं नाही."

अशी माझी पैज लागली. मला कुणी विचारलं नाही, कारण मी वजन होते.

आमचे हे वजनमाप खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. तराजूच्या पारड्याला हळूच बोट लावणारे दुकानदार पकडण्यात ह्यांची हयात गेली. गर्दीत उभं राहून नुसत्या नजरेने ओळखायचे, कुठे करंगळी टेकली आहे ते. घरात ह्यांचा दरारा तसाच. मी साखर काढतानाही हे चमच्याकडे बघायचे. अशा माणसाशी संसार करून मी माझं स्वतःचं वजन मात्र त्यांना कधी कळू दिलं नव्हतं. ते दवाखान्याच्या कागदावर उघडं पडलं. साठ किलो. हे दोन दिवस त्या आकड्याकडे बघत होते.

रस्त्याच्या टोकाला एक जिम आहे. तिच्या शेजारच्या खोलीत फिजिओथेरपीचा दवाखाना आणि दोन्हींच्या मध्ये काचेची भिंत. मी एका बाजूला पाय हलवत बसायची आणि काचेतून हे दिसायचे. सकाळची तिथली बॅच सगळी निवृत्तांची. एक कर्नल, जे सैन्यात कधीच नव्हते, टपाल खात्यात पत्रं वेगळी करायचे, पण मिशीला पीळ असा की लोकांनीच बढती दिली. एक दंतवैद्य, ज्यांनी स्वतःचे सगळे दात काढून घेतले आहेत. आणि एक विमेवाले, ज्यांच्याशी बोलताना आपण आता मरणार अशी खात्रीच पटते. चौथे आमचे निरीक्षक.

या चौघांचं एकच आवडतं काम होतं. बेंचवर उताणं झोपायचं आणि छातीवरून लोखंडी रॉड वर ढकलायचा. रॉडच्या दोन्ही टोकांना वजनाच्या चकत्या लावलेल्या. एकाने डोक्याशी उभं राहायचं, हात सुटला तर रॉड गळ्यावर पडू नये म्हणून. तो एरवी रॉडला हात लावत नाही. निदान नियम तसा आहे.

तिथल्या प्रशिक्षक बाई फटकळ होत्या. त्या म्हणायच्या, "काका, हे सोडा. हात न टेकता खुर्चीतून उठा आणि बसा. मग जमिनीवरची जड पिशवी उचलून टेबलावर ठेवा. या वयात पाय गेले की माणूस गेला."

"ते पेशंट लोकांसाठी," कर्नल मिशीला हात लावत म्हणायचे.

"तुम्ही काकूंना झोपून उचलणार आहात का?" बाईंनी आमच्या ह्यांना विचारलं.

"जो झोपून साठ उचलतो तो उभ्याने ऐंशी उचलेल. साधा हिशेब आहे," हे म्हणाले. बाईंनी कपाळाला हात लावला आणि त्या दुसऱ्या बॅचकडे गेल्या. पुढे त्यांनी या चौघांचा नादच सोडून दिला.

आणि हळूहळू ह्यांचा आकडा वाढायला लागला. घरी आले की बूट काढायच्या आधी आकडा. आज तीस. आज चाळीस. आज पंचेचाळीस आणि वर दंतवैद्य म्हणाले की तुमच्यात अजून दम आहे. मी काचेच्या पलीकडून बघत होते. ह्यांचे हात थरथरायचे, तोंड लाल व्हायचं, रॉड मध्येच अडायचा. तेव्हा डोक्याशी उभे असलेले कर्नल छताकडे बघत, अगदी सहज, रॉडखाली दोन बोटं घालायचे. रॉड सरसर वर जायचा. "शाब्बास! एकट्याने!" कर्नल ओरडायचे. हे उठून बसायचे, छाती फुगवायचे आणि काचेतून मला अंगठा वर करून दाखवायचे.

मग कर्नल झोपायचे आणि आमचे हे त्यांच्या डोक्याशी उभे राहायचे. रॉड अडायचा. हे छताकडे बघायचे आणि दोन बोटं खाली जायची. "शाब्बास! एकट्याने!"

मला वाटलं, असेल बुवा ही त्यांची रीत. सगळ्यांना ठाऊक असेल. तर तसं नव्हतं. एक दिवस कर्नल काचेच्या या बाजूला आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, एक सांगतो, मनाला लावून घेऊ नका. निरीक्षकसाहेबांना मी थोडा हात देतो. त्यांना कळू देऊ नका हं, उमेद खचते माणसाची. माझं काय, मी माझं माझं उचलतो." चार दिवसांनी दंतवैद्य आले. त्यांनीही तेच सांगितलं, कर्नलबद्दल. विमेवाले तर तिघांबद्दल सांगून गेले आणि जाता जाता म्हणाले की त्या बॅचमध्ये खरी ताकद तेवढी आपल्या एकट्यात आहे, बाकी सगळा देखावा. आणि रात्री जेवताना हे घास खाली ठेवून मला म्हणाले, "कुणाला बोलू नकोस. पण ते तिघं माझ्या बोटांवर चाललेत."

वजनमाप खात्यातला माणूस! दुसऱ्याच्या तराजूवरची करंगळी दहा हातांवरून ओळखणारा! मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. ह्यांचा चेहरा इतका उजळला होता. ऑपरेशननंतर दवाखान्याच्या बाकावर बसलेले हे मी पाहिले होते, हात मांडीवर ठेवून, काय करावं ते न कळून. त्यापेक्षा हा फुशारक्या मारणारा माणूस मला बरा वाटत होता. आणि मला इथून जायचं नव्हतं. म्हणून मी गप्प बसले.

ज्या दिवशी हे साठावर पोचले त्या दिवशी घरी येऊन मला म्हणाले, "आज मी तुला उचललं."

"मला कळलंसुद्धा नाही," मी म्हटलं.

मुलीने रविवारी यायचं ठरवलं. ती आत आली, हातातली पिशवी ठेवली आणि बैठकीच्या खोलीत बघून थबकली. कारण ही तिघं मंडळी आधीच सोफ्यावर बसली होती. कर्नलनी तर इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"हे कशाला?" मुलीने विचारलं.

"साक्षीदार," हे म्हणाले.

मला बुटक्या स्टुलावर बसवलं. मुलगी समोर उभी राहिली, हाताची घडी घालून. हे माझ्यापुढे आले, दोन्ही पाय फाकवून उभे राहिले, मान डावीकडे मोडली, उजवीकडे मोडली, दोनदा जोरात श्वास सोडला. "कुणी मध्ये यायचं नाही," ह्यांनी बजावलं. तिघेही "छे छे" म्हणाले आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले, फक्त खबरदारी म्हणून.

ह्यांनी माझ्या काखेत हात घातले. त्यांची नवी छाती माझ्या तोंडावर आली आणि मुलगी दिसेनाशी झाली. "एक, दोन, तीन!" काहीही झालं नाही. मी स्टुलावर होते तशीच. ह्यांच्या गळ्यातून एक बारीक आवाज निघाला. आणि मग मागून एक हात माझ्या दंडाखाली शिरला. त्याला लवंगेच्या तेलाचा वास होता, म्हणजे दंतवैद्य. माझ्या कमरेला डॉक्टरांनी दिलेला पट्टा असतो, तो कुणीतरी मुठीत धरला, ते कर्नल. विमेवाल्यांनी खालून थेट जिथे हात लावू नये तिथे हात लावला. मी सुळकन वर गेले. इतकी झटकन, की एक क्षण माझे पायच जमिनीवर नव्हते.

"शाब्बास!" तिघे एकदम ओरडले. "एकट्याने!"

हे मागे सरकले. घामाने निथळत होते, डोळ्यांत पाणी होतं. जोर लावताना त्यांनी डोळे घट्ट मिटले होते, ते हात त्यांनी पाहिले नव्हते. ही गोष्ट मी कुणालाही शपथेवर सांगेन. त्यांना खरंच वाटत होतं की आपण उचललं.

मुलगी मात्र बापावर विश्वास ठेवणारी नव्हे. तिने मलाच विचारलं, "आई, तू सांग. बाबांनी एकट्याने उचललं?"

माझ्या मागे तीन म्हातारे श्वास धरून उभे होते. मी ह्यांच्याकडे बघितलं.

"एकट्याने," मी म्हटलं.

झालं, मीही त्यांच्याच बॅचमध्ये सामील झाले. मुलगी संध्याकाळी निघून गेली. हे खालपर्यंत सोडायला गेले आणि वर येताना जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढले. मग अर्धा तास आडवे पडून राहिले.

आता पुढचं ऐका. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात माझ्या हातून झाकण पडलं. ते उचलायला मी वाकले, वॉकर एकीकडे गेला आणि मी दुसरीकडे. फार जोरात नाही, ओट्याला धरून घसरत खाली आले. लागलं नाही काही. पण मी फरशीवर होते, आणि फरशीहून बुटकी जागा नाही.

"अहो!"

हे आले. मला बघितलं आणि खरं सांगते, ह्यांना आनंद झाला. इतक्या लवकर संधी मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं. "घाबरू नकोस," असं म्हणून त्यांनी बाह्या सरसावल्या.

पहिल्या खेपेला मी हललेसुद्धा नाही. दुसऱ्या खेपेला माझा गाऊन वर गेला, मी तिथेच. "अंग सैल सोड," हे म्हणाले. मी सोडलं. "इतकं नको, ताठ धर." मी धरलं. तिसऱ्या खेपेला त्यांचे हात निसटले आणि माझं डोकं कपाटावर आपटलं.

"तू रविवारी इतकी जड नव्हतीस," हे म्हणाले.

"समोरच्यांना हाक मारा."

"काही गरज नाही. माझा वॉर्म-अप झालेला नाही, एवढंच." आणि हा माणूस स्वयंपाकघराच्या मधोमध उभा राहून हात गोल गोल फिरवायला लागला. मी फरशीवर बसून बघत होते. पुढून फिरवले, मागून फिरवले. एका फेरीत डब्यांच्या फळीवरचा एक डबा पाडला. मग परत वाकले, परत एक-दोन-तीन, आणि परत काही नाही.

"अहो, माझा पाय बधिर व्हायला लागलाय. शेजारणीला बोलवा. तिची सून घरी असते, दोघी मिळून उचलतील."

"बायकांना बोलवू? मी? साठ किलो उचलणारा?"

एवढ्यात फोन वाजला. मुलीचा. हे बाहेरच्या खोलीत गेले. मला त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता, चांगला मोकळा, भरदार. "आई? हो, आहे ना. बसलीये. अगदी निवांत बसलीये. नाही नाही, आत्ता नको बोलूस तिच्याशी, कामात आहे."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. इतका वेळ मला ह्यांची कीव येत होती, ती त्या क्षणी संपली. हा माणूस मला इथे फरशीवर मरू देईल, पण उचलता येत नाही असं म्हणणार नाही, हे मला लख्ख कळलं. माझ्या खुब्यापेक्षा ह्यांचा तोरा जास्त नाजूक होता. मी होता नव्हता तेवढा जोर लावून शेजारणीच्या नावाने बोंब ठोकली. चार मजल्यांना ऐकू गेली असेल.

शेजारीण आणि तिची सून धावत आल्या. दोघींनी मला उभं केलं, खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. हे दाराला टेकून उभे होते. "माझे हात ओले होते," ते म्हणाले. शेजारणीने मला विचारलंसुद्धा नाही, तिने सरळ माझ्या मुलीला फोन लावला आणि मुलीकडून तिला ते 'निवांत बसलीये'ही कळलं.

मुलगी दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आली. तिने एक शब्द विचारला नाही, पिशवीत माझी औषधं भरली, कपडे भरले. "आई, तू माझ्याशी खोटं बोललीस," एवढंच गाडीत म्हणाली. मी खिडकीबाहेर बघत राहिले. हे फाटकापाशी उभे होते. मी त्यांचा निरोप घेतला नव्हता, आणि ते अजूनही दोन्ही हात पँटला पुसत होते.

मुलीकडे सगळं होतं. पलंगाला वरखाली करायची कळ, कमोडला दोन्हीकडे दांडे, दिवसा येणारी बाई. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसायची आणि दिवसभर लोक मागे-पुढे करत गाड्या लावायचे. मी ते बघायची. जेवण वेळेवर, गोळ्या वेळेवर, झोप वेळेवर. मला रडू मात्र अवेळी यायचं.

हे रोज संध्याकाळी फोन करायचे. पहिले काही दिवस तेच. "आज साठ. आज बासष्ट." मी हूं हूं करायची. बायकोला घर सोडावं लागलं आणि हा माणूस दोन किलोने पुढे गेला! एक दिवस माझा तोल सुटला.

"डोक्याशी कोण उभं होतं?" मी विचारलं.

"कर्नल."

"उद्या त्यांना म्हणावं, दोन्ही हात खिशात घाला."

"म्हणजे काय?"

"तुम्ही निरीक्षक ना? मग करा निरीक्षण." आणि मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला धास्ती वाटायला लागली. मुलीने चौकशी करते म्हटलं, मी नको म्हटलं. चौथ्या दिवशी फोन आला. आवाज ओळखू येईना इतका बारीक.

"रॉड छातीवर आला तो आलाच," हे म्हणाले. "वर जाईचना. शेवटी तिघांनी उचलून काढला. छातीवर वळ उठलाय."

"मग?"

"मग मी कर्नलला झोपवलं. म्हटलं, आता माझे हात खिशात. तर त्याचंही तेच. मग दंतवैद्य, मग विमेवाला. सगळ्यांचं तेच. कर्नल आता दंतवैद्यांशी बोलत नाहीत. विमेवाल्याने जिम सोडली, म्हणतो तुम्ही लोक मनाने हलके आहात." मग म्हणाले, "मी सगळ्यांना बोटं लावत होतो गं. मला वाटलं, बोटं फक्त मलाच आहेत."

मी हसायला लागले. पोट धरून हसले, खुबा दुखेपर्यंत. मग मला जाणवलं की मी रडतेय आणि बहुतेक तेही.

"आणि त्या रविवारी?" ह्यांनी विचारलं.

"चौघांनी," मी म्हटलं.

"तू एकट्याने म्हणालीस."

"मला तिथेच राहायचं होतं."

त्यानंतर रोजचा आकडा उतरायला लागला. "आज तीस, पण कुणी जवळ नव्हतं." मग "पंचवीस." मग एक दिवस, "आज चकत्या सगळ्या काढल्या. नुसता रॉड." इतक्या वर्षांत ह्यांच्या तोंडून कुठलीही गोष्ट कमी होत गेलेली मी ऐकली नव्हती. पगार, उंची, ताप, सगळं दुसऱ्यापेक्षा चार बोटं जास्तच असायचं. ह्यांनी प्रशिक्षक बाईंची माफीही मागितली. बाईंनी आधी यथेच्छ तोंडसुख घेतलं आणि मग ह्यांना खुर्चीपुढे उभं केलं.

"हात न टेकता उठता येत नाही," हे म्हणाले. "दोनदा जमलं, तिसऱ्यांदा मागे पडलो. कर्नलला एकदाही जमलं नाही. बाई म्हणाल्या, खालून काही उचलायचं म्हणाल तर वर्ष जाईल. वर्षानेही मी तुला उचलीन, असं त्यांनी काही कबूल केलेलं नाही."

मी विचारलं, "आणि आज मी तुमच्यासमोर पडले तर?"

"तर समोरच्यांना हाक मारणार. आधी हाक, मग बाकीचं."

"बोलणं सोपं असतं."

"काल मारली," हे म्हणाले.

"कुणाला?"

"शेजारणीला. काल मीच पडलो, बाथरूममध्ये. लागलं नाही, पण उठता येईना. बराच वेळ विचार केला. मग मारली हाक. ती आणि सून, दोघी आल्या." मग म्हणाले, "अंगावर टॉवेल होता. म्हणजे बराचसा होता. आता सगळ्या मजल्यांना कळलंय. जिन्यात लोक विचारतात, साहेब, बसलाय ना निवांत?"

मी फोन ठेवला. ह्यांचा मला इतका राग आलेला होता, आणि आता तो शोधूनही सापडेना. ज्या माणसाने मला फरशीवर ठेवून मुलीला निवांत बसलीये सांगितलं, त्या माणसाने टॉवेलवर पडून शेजारणीला हाक मारली होती. त्याला ते किती जड गेलं असेल, ते मलाच ठाऊक.

रात्री जेवताना मी मुलीला म्हटलं, "मला घरी सोड."

"आई, परत तेच? बाबांना उचलता येत नाही तुला."

"नाही येत."

"मग पडलीस तर काय करणार?"

"तुझ्या बाबांनाच विचार."

तिने चमचा खाली ठेवला. विमानतळावरच्या आवाजात बोलायची तयारी करून तिने फोन लावला आणि तो टेबलावर मध्ये ठेवला, मला ऐकू यावं म्हणून. "बाबा, एकच प्रश्न विचारते, खरं सांगा. आईला उचलता येईल तुम्हाला?"

साठ, बासष्ट, ऐंशी, ओले हात, वॉर्म-अप, सगळं मला एकदम आठवलं.

"नाही," हे म्हणाले.

मुलगी पुढचं ऐकायला थांबली. पण पुढे काही नव्हतं, तेवढंच होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे.

"उद्या सकाळी आणते तिला," ती म्हणाली.